हार पुरेसा नाही

माझं बरंच आयुष्य एका मतावर गेलं. सरकारने आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या असतील, तर लोकांची मागणी मान्य करावी, गेलेल्यांचं मानाने स्मारक उभारावं आणि पुढे चालावं, असं मी मानत असे. हुकूम कोणी दिला आणि बंदूक कोणी उचलली हे उकरत बसू नये. उकरून माणसं परत येत नाहीत, वैर मात्र परत येतं. लालबाग-परळच्या शाळेत इतिहास शिकवताना मी हेच सांगितलं आणि व्याख्यानमालांतूनही हेच मांडलं. पुराव्यादाखल माझ्यापाशी एक भक्कम उदाहरण होतं, संयुक्त महाराष्ट्राचं. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते कसं गेलं हे सांगावंसं वाटतं, कारण ते माझ्या एकट्याचं कधीच नव्हतं. महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत ते आजही शहाणपण म्हणून चालतं.

आधी ते उदाहरण. ऑक्टोबर १९५५मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबईसह मराठी राज्य मिळणार नाही हे स्पष्ट झालं. २० नोव्हेंबरला मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची चौपाटीवरची सभा लोकांनी उधळून लावली. दुसऱ्या दिवशी संप झाला. विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. गिरण्यांतले, गोदीतले कामगार आणि विद्यार्थी मोर्च्याने निघाले. फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं आणि गोळीबार केला. त्या दिवशी १५ जण गेले. मग १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. पुढचा आठवडा गिरगाव, दादर, लालबाग, परळ या वस्त्यांनी गोळ्यांच्या आवाजात काढला. एकूण हुतात्म्यांपैकी बहुतेक जण त्याच आठवड्यातले. आपण १०५ म्हणत आलो, पुढे १०६ आणि १०७ही म्हणू लागलो.

नंतर सगळं बदललं. फेब्रुवारी १९५६मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अत्रे, डांगे, एस. एम. जोशी, सेनापती बापट, प्रबोधनकार असे एकमेकांशी एरवी न जमणारे लोक एका व्यासपीठावर आले. १ मे १९६० रोजी राज्य मिळालं. फ्लोरा फाउंटनच्या चौकाला हुतात्म्यांचं नाव मिळालं. मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार तिथे दगडात उभे राहिले. दर १ मे आणि २१ नोव्हेंबरला मुख्यमंत्री तिथे येऊन मान झुकवतात. ज्या सरकारच्या पोलिसांनी माणसं मारली, त्याच गादीचे वारसदार त्या माणसांपुढे वाकतात, याहून मोठा समेट कोणता, असं मी मुलांना विचारत असे.

त्या समेटाचं मला कौतुक होतं. सुडाची भाषा झाली नाही, कोणाला तुरुंगात टाका अशी ओरड झाली नाही. १९७७ साली तर मोरारजीभाई पंतप्रधान झाले आणि ज्या जनता पक्षाच्या नावावर झाले त्यात एस. एम. होते. समितीचा नेता आणि १९५५चा मुख्यमंत्री एका पक्षात! मी हे उदारतेचं शिखर म्हणून सांगायचो. एस. एम. यांच्या उदारतेबद्दल माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. मात्र एका माणसाचं मन मोठं असणं आणि राज्याने आपला हिशेब देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा दिसलं.

ते दिसलं नागपुरात. संयुक्त महाराष्ट्रावरच्याच एका व्याख्यानासाठी मी २१ नोव्हेंबरला तिथे गेलो होतो आणि कामानिमित्त थांबलो होतो. २३ तारखेला सीताबर्डीवर माणसांची रीघ लागलेली दिसली. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, अमरावती अशा कुठून कुठून आलेली गोवारी कुटुंबं गोवारी शहीद स्मारकाकडे चालली होती. घटना मला माहीत होती, पण बातमीइतकीच. २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, ही मागणी घेऊन हजारो गोवारी नागपुरात आले होते. गुरं राखणारी ही जमात. बाया लेकरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. दिवसभर ते रस्त्यावर बसून राहिले, पण त्यांचं ऐकून घ्यायला सरकारमधलं कोणी बाहेर आलं नाही. संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पळायला वाट नव्हती, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली. त्यांत बाया आणि पोरं सगळ्यात जास्त. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या पूर्ण आंदोलनात जितके गेले, त्याहून अधिक एका संध्याकाळी.

आणि तरी मी, महाराष्ट्राच्या इतिहासावर बोलणारा माणूस, २१ नोव्हेंबर दरवर्षी सांगत आलो होतो आणि २३ नोव्हेंबर कधी कोणाला सांगितलाच नव्हता.

तिथे एका साठीच्या बाईंशी बोलणं झालं. त्यांच्या घरातलं माणूस त्या दिवशी गेलं होतं. मी माझ्या सवयीने म्हणालो, की सरकारने स्मारक केलं, उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी शहीदांचं नाव दिलं, ही आठवण आता पुसली जाणार नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊ, पुलाले नाव देल्लं, चांगलं केलं. पन लाठी चालवा म्हून कोनं सांगतलं, थे तं कोनी सांगतच नाही.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकारपाशीही नव्हतं. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला होता. चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल आला, शिक्षा कोणालाच झाली नाही. ज्या मागणीसाठी ती माणसं आली होती ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८मध्ये उचलून धरली आणि डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माझ्या जुन्या सूत्राचे दोन पाय होते, मागणी मान्य करा आणि स्मारक उभारा. इथे पहिला पाय नव्हताच. उरलं होतं नुसतं स्मारक. तेव्हा प्रथम मनात आलं की संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी आपण समेट समजलो तो खरं तर विजय होता. राज्य मिळालं म्हणून हिशेब कोणी मागितला नाही. जे हरतात, त्यांना या सूत्रातून काहीच मिळत नाही.

मुंबईला परतल्यावर जुनी कागदपत्रं पुन्हा काढली. चिंतामणराव देशमुखांच्या राजीनाम्याबद्दल मी मुलांना नेहमी रंगवून सांगायचो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले, केंद्राचे अर्थमंत्री. त्यांनी मुंबईसाठी मंत्रिपद सोडलं, एवढंच मी सांगत असे. १९५६च्या जुलैमधलं लोकसभेतलं त्यांचं निवेदन नीट वाचल्यावर लक्षात आलं, की त्यांची तक्रार मुंबई न मिळण्यापुरती नव्हती. पोलिसांच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी आणि ती नाकारली जाते आहे, हाही त्यांचा सल होता. हा भाग मी वर्षानुवर्षं गाळत आलो. तो माझ्या समेटाच्या कथेत बसत नव्हता.

इथे मला जालियनवाला बाग आठवते, आणि ही तुलना मला स्वतःलाच टोचते. १३ एप्रिल १९१९च्या गोळीबारानंतर परक्या सरकारला त्याच वर्षी हंटर समिती नेमावी लागली. जनरल डायरला तिच्यापुढे बसून उत्तरं द्यावी लागली. त्याची उलटतपासणी करणाऱ्यांत आपल्या मुंबईचे चिमणलाल सेटलवाड होते. १६५० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ३७९ माणसं मेली, हे सरकारी दप्तरात आलं. मृतांचा आकडा कमी दाखवला गेला, अहवाल अपुरा होता, भारतीय सदस्यांना वेगळं मत नोंदवावं लागलं, हे सगळं खरं. तरीही नोंद झाली. ब्रिटिश पंतप्रधानांनी २०१९मध्ये, शंभर वर्षांनी, खेद व्यक्त केला आणि माफी मागितली नाही, तेव्हा आपण संतापलो. मीही संतापलो. मग स्वतःच्या राज्याकडून खेदही न मागण्याला मी शहाणपण का म्हणत होतो?

सगळ्यात कठीण भाग मोरारजींचा. महाराष्ट्राने १९५५-५६चा सगळा दोष एका माणसावर ठेवला. मोरारजी हे आपल्या आठवणीतले खलनायक. ते मुख्यमंत्री होते आणि त्यांची जबाबदारी पहिली, यात शंका नाही. पण सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. त्याच मंत्रिमंडळात यशवंतराव चव्हाण होते, तेच पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. मुंबई पोलिसांत कोकणातली, घाटावरची मुलं शिपाई म्हणून मोठ्या संख्येने होती. तीच खाती, तीच पोलीस यंत्रणा, जमावावर बंदूक चालवण्याची तीच रीत नव्या राज्याने जशीच्या तशी वारशाने घेतली. एकट्या मोरारजींना दोषी धरल्यामुळे बाकी सगळे सुटले, आणि ते गुजराती असल्यामुळे दोष हळूहळू एका समाजाकडे सरकला. गिरगावात, लालबागमध्ये मी लहानपणापासून ऐकलेल्या आठवणींत गोळी सरकारची नसायची, ‘त्यांची’ असायची.

आता दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट १९५६मध्ये मराठी-गुजराती विशाल द्विभाषिक राज्याचा निर्णय झाला तेव्हा अहमदाबादेत विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि ८ ऑगस्टला तिथल्या काँग्रेस भवनापाशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकार तेच, मुंबई राज्याचं. मुख्यमंत्रीही तेच. दोन वर्षांनी तिथल्या लोकांनी त्या मुलांची आठवण म्हणून खांभी, म्हणजे स्मृतिशिला, उभारली. ती सरकारने उखडली. तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव होते. त्यावरून अहमदाबादेत पुन्हा गोळीबार झाला, आणि त्या १९५८च्या गोळीबाराची मात्र न्यायमूर्ती कोटवालांकडून चौकशी झाली. म्हणजे चौकशी करता येत होती. आम्ही मराठी मुलांना या अहमदाबादच्या पोरांबद्दल एक ओळही शिकवली नाही. हुतात्मा चौकातली नावंसुद्धा आम्ही कधी नीट वाचली नाहीत. त्या यादीत जोसेफ आहे, झेवियर आहे, जॉन आहे, बेदीसिंग आहे आणि एक चिमणलालही आहे. मुंबईच्या रस्त्यावर गोळीने भाषा विचारली नव्हती. राज्याने आपलं नाव पुढे करून दोष घेतला असता, तर दोन शेजारी समाजांमध्ये ही अढी इतकी वर्षं राहिली नसती, असं मला आज ठामपणे वाटतं.

उलट, दुसऱ्याचं सरकार असलं की आपली जीभ अडखळत नाही. १९८६च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगाव भागात मराठी माणसं कर्नाटक पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. त्यांना अभिवादन करताना आपण त्या सरकारचं नाव ठणकावून घेतो. घ्यायलाच हवं.

‘वैर परत येतं’ या माझ्या भीतीचं काय? तिचं उत्तर मला दक्षिण कोरियात सापडलं. मे १९८०मध्ये ग्वांगजू शहरात लष्करशाहीविरुद्ध उठलेल्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर छत्रीधारी सैनिक सोडले गेले. २१ मे रोजी प्रांतिक कचेरीसमोर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, २७ तारखेला सैन्याने शहर ताब्यात घेतलं. सरकारने मेलेल्यांना दंगेखोर आणि कम्युनिस्टांचे हस्तक ठरवलं. नातेवाइकांवर वर्षानुवर्षं पाळत राहिली. पण त्या शहराने सोडलं नाही. १९९५मध्ये खास कायदा झाला, १९९६मध्ये माजी अध्यक्ष चुन डू-ह्वान यांना न्यायालयाने दोषी ठरवलं. फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली. आणि १९९७च्या डिसेंबरमध्ये त्यांना माफी मिळाली, ती नवनिर्वाचित अध्यक्ष किम दे-जुंग यांच्या संमतीने. ग्वांगजूचा उठाव भडकावल्याच्या आरोपावरून याच किम यांना चुन यांच्या राजवटीत फाशी सुनावली गेली होती! १८ मे हा दिवस आता तिथे राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. गोळ्यांच्या खुणा असलेली एक इमारत जपून ठेवली आहे आणि सापडलेल्या २४५ खुणांचा आकडा तिच्या नावातच आहे.

या क्रमाने माझं मत पुरतं फिरवलं. आधी सत्य ठरलं, मग दोष ठरला, आणि क्षमा शेवटी आली. किम यांनी माफीला संमती दिली तेव्हा ती कशाची, हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उभे राहिलो. चुन यांनी स्वतः कधीच माफी मागितली नाही. ते २०२१मध्ये गेले. पण २०२३मध्ये त्यांचा नातू ग्वांगजूला आला, मृतांच्या दफनभूमीत गुडघ्यांवर बसला, आजोबांच्या वतीने माफी मागितली. मुलं गमावलेल्या म्हाताऱ्या आयांनी त्याला जवळ घेतलं. वैर परत आलं नाही.

आपल्याकडेही एकदा वाट थोडी उघडली होती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक संतापून रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार अनावश्यक होता असं नोंदवलं आणि २००९मध्ये सत्र न्यायालयाने हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. पण लवकरच उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली आणि तो जामिनावर बाहेर आला. तरीही एवढं तरी झालं की त्या वस्तीतल्या माणसाला ‘तुम्हीच दंगल केलीत’ असं आता कोणी सरकारी कागदाच्या आधाराने म्हणू शकत नाही. गोवारींपाशी एवढंही नाही. १९५५ आणि १९९४ला काँग्रेसचं सरकार होतं, १९९७ला शिवसेना-भाजप युतीचं, आणि ९ ऑगस्ट २०११ला मावळात पवना जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी गोळीबारात मेले तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं. म्हणून हा प्रश्न मला कुठल्या एका पक्षावर ढकलायचा नाही. राज्याने आपली पहिली चूक कधी कागदावर मान्य केली नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक वेळी मान्य न करण्याची सोय झाली, असं माझं मत झालं आहे.

माझे काही जुने मित्र म्हणतात, आता ७० वर्षांनी कोणाला शिक्षा करणार? कोणालाच नाही. हुकूम देणारे गेले, गोळ्या झाडणारे गेले. म्हणूनच आता कोणाला भीती असायचं कारण नाही. मला तुरुंग नको, नोंद हवी. गृहखात्याची १९५५-५६ची गोळीबाराची कागदपत्रं अभ्यासकांना खुली करावीत. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत सरकारने निवेदन करावं, की मुंबई राज्याच्या सरकारने नागरिकांवर गोळ्या झाडल्या, चौकशीची मागणी नाकारली गेली, आणि त्या सत्तेचे वारस म्हणून आम्ही माफी मागतो. तेच निवेदन अहमदाबादच्या मुलांची नावं घेऊनही व्हावं. आणि २१ नोव्हेंबरला हुतात्मा चौकात हार घालणाऱ्या मुख्यमंत्र्यांनी २३ नोव्हेंबरला नागपूरच्या गोवारी स्मारकापाशी उभं राहून त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

सरकार हे कधी करेल ते त्याच्यावर. पण एक काम आपल्या हातात आहे. १९५५ साली विशीत असलेली माणसं आज नव्वदीत आहेत. ज्यांच्या घरात असे आजी-आजोबा असतील, ज्यांनी तो गोळीबार पाहिला असेल, मोर्च्यात किंवा पोलिसांत असतील, त्यांना या आठवड्यातच विचारा. कुठे उभे होता, काय पाहिलं, कोण पडलं, हुकूम कोणाचा ऐकला, हे त्यांच्याच शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख आणि ठिकाण लिहा, आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या. नागपूर, भंडारा, गोंदियाकडच्या वाचकांनी १९९४ची साक्ष अशीच टिपून ठेवावी. ते लोक अजून आहेत.